चांदरचं व्हडलें घर

दिवस पहिला

पहाटे चिपळूण आलं तेव्हा आम्ही तिघंही जागे होतो, आणि तिघांनीही डोळे मिटून घेतले होते. फलाटावर चहावाल्याची हाक ऐकू आली, सामानाची ओढाताण झाली, मग कोकणकन्या हलकेच पुढे सरकली. एरवी आम्ही इथेच उतरतो. गुहागरची एसटी, मग थोडी पायपीट, आणि घराकडे जाणारी पाखाडी. गेली सहा वर्षं कुणी उतरलेलं नाही. घर सामायिक आहे, कागदावर चौदा नावं आहेत. विकावं की ठेवावं यावरून माझ्यात आणि दादात दोन वर्षं अबोला होता. दादा माझा चुलतभाऊ, आम्हा सगळ्यांत थोरला, महसूल खात्यातून निवृत्त झालेला. लग्नकार्यात भेटलो तर "जेवलीस का?" एवढंच तो विचारायचा.

हा बेत वहिनीचा. "ताई, तुम्ही दोघं आपल्या घरावरून भांडता ते घर न बघताच. आधी दुसऱ्या कुणी ठेवलेलं घर बघून येऊ," असं तिनं फोनवर सांगितलं, आणि मी नाही म्हणायच्या आत तिकिटंही काढली. कुठलं घर तेही तिनंच ठरवलं होतं : गोव्यात सासष्टीतल्या चांदर गावचं ब्रागांझांचं घर.

मडगावला उतरून बाणावलीला पोचेपर्यंत ऊन चांगलंच वर आलं होतं. परशुरामानं सह्याद्रीवरून सोडलेला बाण इथे पडला म्हणून हे नाव, अशी कथा आपल्याकडेही सांगतात. आमच्या चिपळूणचा परशुराम आणि इथला बाण, म्हणजे एकाच गोष्टीच्या दोन टोकांना आम्ही आलो होतो. उतरलो होतो ते एका जुन्या घरातल्या दोन खोल्यांत. घराला रस्त्याच्या बाजूनं बाल्कांव, म्हणजे पायऱ्या चढून गेलं की दोन्ही अंगांना बांधलेले सिमेंटचे बाक आणि वर उतरतं छप्पर. त्या बाकांना इथे सोपो म्हणतात. येणारा-जाणारा तिथूनच दोन शब्द बोलून पुढे जातो. आपल्या ओटीचंच काम, फक्त तोंड थेट रस्त्याकडे.

दुपारी मी आडवी झाले तेव्हा खिडकीकडे लक्ष गेलं. तावदानं काचेची नव्हती. लाकडाच्या बारीक चौकटीत बोटभर रुंदीच्या फटी, आणि प्रत्येक फटीत शिंपल्याचा घडीव चौकोन सरकवलेला. एक चौकोन सैल होता, तो हलकेच बाहेर काढून पाहिला. अभ्रकासारखा पातळ, एका कडेला किंचित तुटका, नखानं वाजवला तर टिचकीसारखा आवाज. उन्हाकडे धरला तर पलीकडचं माडाचं झाड दिसत नाही, पण झाड हललेलं कळतं. काच महाग आणि दुर्मिळ होती त्या काळात गोव्यातल्या घरांनी ही तावदानं केली. उजेड आत येतो, उन्हाची तिडीक बाहेर राहते, आणि रस्त्यावरून कुणी पाहिलं तर आतलं काही दिसत नाही. हे शिंपले चिखलीच्या खाडीत अजून सापडतात, पण आता कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. म्हणजे जुनी तावदानं फुटली की तशीच नवी मिळत नाहीत. घरवाल्या बाईंनी फुटलेल्या जागी पत्र्याचे तुकडे बसवले आहेत आणि उरलेले शिंपले एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले आहेत. मी तो चौकोन होता तिथे परत सरकवला.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. दादा पाण्यात पोटऱ्यांपर्यंत उभा राहिला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

दिवस दुसरा

सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्यानं जाग आली. सायकलच्या मागे पावाची टोपली, वर निळं प्लास्टिक. गरम पोयी आणि चहा घेऊन निघालो. मडगावहून चांदर तेरा-चौदा किलोमीटर. रस्त्यात भातखाचरं, मध्येच उंच जोत्याची घरं, प्रत्येकापुढे क्रूस. आणि मग अचानक एक मोठा चौक उघडतो. एका अंगाला १६४५ साली बांधलेलं नोसा सेन्योरा द बेलें हे चर्च, आणि चौकाची एक अख्खी बाजू भरून एकच घर.

इथले लोक अशा घराला व्हडलें घर म्हणतात. मोठं घर एवढाच त्याचा अर्थ, पण म्हणण्यात मान आहे. दुमजली, मधोमध दार, आणि वरच्या मजल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खिडक्यांची रांग, प्रत्येकीपुढे छोटा कठडा. वहिनी मोजायला लागली, मध्येच एक बस आडवी आली आणि तिचा आकडा चुकला. घराचे सर्वांत जुने भाग सोळाव्या-सतराव्या शतकातले मानतात. पुढे पिढ्यांनी त्यात भर घालत ते आजच्या आकाराला आणलं. तिकिटाची खिडकी नाही, पाटी मोठी नाही. हाक मारायची आणि वर जायचं.

जिना चढून वर गेलं की एक सज्जा लागतो, आणि तिथे घर दुभंगतं. एका हाताला मिनेझिस ब्रागांझांचं दार, दुसऱ्या हाताला परेरा ब्रागांझांचं. एकाच घराण्याच्या दोन शाखा, दोन संसार, दोन देवघरं, दोन्हीकडे वेगवेगळी माणसं घर दाखवतात. दादा त्या सज्ज्यात थबकला. "अगं, ही तर वाटणी झालेली आहे," तो म्हणाला. दोन दिवसांत माझ्याशी बोललेलं त्याचं हे पहिलं पूर्ण वाक्य.

आम्ही आधी पश्चिमेकडच्या अंगाला गेलो, मिनेझिस ब्रागांझांच्या बाजूला. मला तिथलं ग्रंथालय बघायचं होतं. कपाटांमागून कपाटं, सुमारे पाच हजार पुस्तकं, बहुतेक कातडी बांधणीची : पोर्तुगीज, फ्रेंच, इंग्रजी. समुद्राजवळच्या हवेत पुस्तक टिकवणं काय असतं हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या आजोबांची पोथ्यांची पेटी एका पावसाळ्यात भुरीनं गेली आणि उरलेलं कसरीनं खाल्लं. इथे पाच हजार पुस्तकं उभी आहेत. कुणीतरी दर वर्षी ती झटकत असणार, उन्हं बघून कपाटं उघडत असणार, पाऊस बघून लावत असणार. पिढ्यान्‌पिढ्या.

ज्यांचं हे ग्रंथालय ते लुईस दि मिनेझिस ब्रागांझा, जन्म १८७८, याच गावात. पणजीत ज्यांच्या नावानं इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा उभी आहे तेच हे. गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक 'ओ हेराल्डो' १९०० साली निघालं, त्याच्या उभारणीत ते होते. पुढे १९११ मध्ये त्यांनी 'ओ देबाते' काढलं आणि १९२८ मध्ये 'प्रकाश'. पोर्तुगीज भाषेतलं पत्र आणि नाव मात्र 'प्रकाश', हे मला फार आवडलं. १९३० साली सालाझारनं वसाहतींसाठी 'आक्तु कोलोनियाल' आणला, म्हणजे वसाहतींवर राज्य करणं हा पोर्तुगालचा जन्मसिद्ध हक्कच असल्याचं सांगणारा कायदा. त्याच वर्षी ४ जुलैला मिनेझिस ब्रागांझांनी गोव्याच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध ठराव मांडला : स्वतःचं भवितव्य स्वतः ठरवण्याचा सर्व लोकांचा जो हक्क, तो पोर्तुगीज हिंदुस्थाननं सोडलेला नाही. १९३८ साली ते गेले, गोवा मुक्त व्हायच्या तेवीस वर्षं आधी. त्यांचे मेहुणे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचा जन्मही चांदरचाच. त्यांनी १९२८ साली गोवा काँग्रेस समिती स्थापन केली. १९४६ च्या आंदोलनानंतर त्यांना पकडून लष्करी न्यायालयापुढे उभं केलं आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं.

मी हे सगळं शाळेच्या पुस्तकात कधी वाचलेलं नव्हतं. गोवामुक्ती म्हटलं की आमच्या घरात सत्याग्रही, बेळगाव, बांदा, सीमेवरचा गोळीबार एवढंच आठवायचं. या मोठ्या दिवाणखान्यात, या शिसवी खुर्च्यांवर बसणारी माणसंही त्या लढ्यात होती, आणि ज्या भाषेत राज्यकर्ते हुकूम काढत त्याच भाषेत ती लिहीत होती. १९५० साली कुटुंबाला गोवा सोडून बेंगळुरूला जावं लागलं. मुक्तीनंतर ती माणसं परतली तेव्हा घर जागच्या जागी होतं. वहिनी या वाक्यापाशी अडखळली. "बारा वर्षं? आणि कुणी काही उचलून नेलं नाही?" आमच्या घरातून सहा वर्षांत पाण्याचा तांब्याचा हंडा, दोन समया आणि परसातल्या विहिरीचा रहाट गेला आहे.

एका खुर्चीपाशी मी रेंगाळले. वेताची बैठक, मागे कोरीवकाम. वेताची वीण आठकोनी भोकांची : आधी दोन उभे पदर, दोन आडवे, मग तिरपे दोन त्यांच्यातून ओवून काढलेले. एका कोपऱ्यात वीण तुटली होती आणि तिथे नव्या वेताचा तुकडा जुन्याला गाठ न मारता, भोकांतून भोकांत सरकवून बसवला होता. नवा वेत पिवळट, जुना मधाच्या रंगाचा. आमच्या आजोबांच्या आरामखुर्चीची वीणही अशीच. ती कोपऱ्यात फाटली तेव्हा काकांनी वर प्लायवूडचा तुकडा ठोकला. वेत विणणारा मिळत नाही असं तेव्हा सगळे म्हणाले होते. इथे तो कुठून मिळाला असेल, एवढंच मला त्या खुर्चीला विचारायचं होतं.

मग पूर्वेकडचं अंग. इकडे नक्षी जास्त, थकवाही जास्त. नाचाच्या मोठ्या दालनात संगमरवरी जमीन, रंगवलेलं छत, बेल्जियमची झुंबरं, भिंतींवर आरसे. मुख्य जागी दोन उंच पाठीच्या खुर्च्या, पोर्तुगालचा राजा दों लुईस यानं या घराण्याला दिलेल्या. मकावमार्गे आलेली चिनी मातीची भांडी. मागच्या बाजूला देवघर, आणि तिथे हिऱ्यांनी मढवलेल्या कोंदणात संत फ्रान्सिस झेवियरचं नख. संताचं शरीर जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये, आणि त्याचा नखाएवढा अंश इथे, एका घरात. वहिनीनं पायातल्या चपला आधीच काढल्या होत्या. तिनं हात जोडले, घर दाखवणाऱ्या बाईंनी क्रूसाची खूण केली, आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

छायाचित्रं काढायला परवानगी नव्हती, ते बरंच झालं. त्यामुळे बघत राहिलो. झुंबराखाली एका जागी छताचा रंग पोपडे धरून उचलला होता. बाई म्हणाल्या, दर पावसाळ्याआधी माणसं वर चढवावी लागतात, कौलं सरकलेली असतात, माकडं येतात. "छप्पर राखलें तर घर रावता," त्या म्हणाल्या. सरकारकडून काही मिळतं का, असं दादानं विचारलं. त्यांनी फक्त मान हलवली आणि दाराजवळच्या पेटीकडे बोट केलं. येणारे जे ठेवून जातात त्यावरच बरंचसं चालतं. आम्ही दोन्ही अंगांच्या पेट्यांत सारखेच पैसे टाकले. दादानं ते मुद्दाम मोजून टाकले.

बाहेर येऊन चौकात एका झाडाखाली चहा घेतला. दादा चहाचा पेला हातात धरून घराच्या माथ्याकडे बघत होता. "वाटणी झाली, पण आढं एकच आहे," तो म्हणाला. "एकानं नाही शाकारलं तर पाणी दुसऱ्याकडे उतरणार. दोघांनाही वर चढावंच लागतं." मी काही बोलले नाही. आमच्या घराचं आढंही एकच आहे. पावसाळ्याआधीची शाकारणी थोरल्या काकांच्या अंगाकडून बंद झाली तेव्हा पहिलं पाणी आमच्या माजघरात उतरलं होतं.

पण त्याच चहावर दादानं दुसरीही बाजू काढली, आणि ती काढली याचं मला बरं वाटलं. हे घर उभं राहिलं ते कुणाच्या घामावर? गोव्यात जमीनमालक तो भाटकार, आणि त्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारा, त्याचे माड राखणारा, बोलावलं की कामाला जाणारा तो मुंडकार. भाटकाराच्या मनात आलं की मुंडकाराचं घर उठवता यायचं. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं १९६४ साली कूळकायदा आणला. १९७५ साली मुंडकारांना घरातून काढण्याविरुद्ध संरक्षण मिळालं, आणि १९७६ मध्ये शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना कसेल त्याला जमीन मिळाली. मोठ्या घरांचं उत्पन्न त्या दोन दशकांत आटलं. दादानं नोकरीची तीस वर्षं हेच कागद हाताळलेले आहेत. आपल्याकडे खोती १९४९ च्या कायद्यानं गेली, १ एप्रिल १९५७ ला कुळं मालक झाली. आमच्याही आजोबांची भातशेती कुळांकडे गेली. "आणि जायलाच हवी होती," दादा म्हणाला. "पण घर कुणी घेतलं नव्हतं. घर आपलं आपणच सोडलं." या वाक्यात राग होता की दुःख, मला कळलं नाही.

दिवस तिसरा

आज पुन्हा चांदरलाच, पण घराकडे नाही. चांदर म्हणजे चंद्रपूर. गोव्याच्या भोज राजांची ही राजधानी होती, नंतर कदंबांनी घेतली. सरकारी बसवर 'कदंब' हे नाव आपण गोव्यात दिवसातून दहा वेळा वाचतो, त्या कदंबांचं सुरुवातीचं ठाणं हेच गाव. कोट नावाच्या भागात जुन्या देवळाचा चौथरा उघडा पडलेला आहे. इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी १९२९ साली इथे उत्खनन केलं. बाजूला दगडी नंदी बसलेला, डोकं नाही. खांद्यावरची घुंगरमाळ झिजली आहे, पण बोट फिरवलं की मणी लागतात. भोवती गवत, आणि शेजारच्या परसातून कोंबडं आरवत होतं.

इथेच आम्हाला मुसळां खेळाबद्दल कळलं. कार्निवालात या गावचे ख्रिस्ती क्षत्रिय पुरुष, म्हणजे चारडो, हातात घुंगरं बांधलेली मुसळं घेऊन ती जमिनीवर आपटत नाचतात, आणि त्यांच्या गाण्यात विजयनगरच्या हरिहराचं नाव येतं. धर्म बदलून साडेचारशे वर्षं होत आली, तरी गाण्यातला राजा तोच. पुढच्या कार्निवालाला यायचं असं वहिनीनं तिथेच ठरवून टाकलं.

गावातून जाताना रेल्वेचं फाटक लागतं. मुरगाव बंदरासाठी १८८० च्या दशकात घातलेली ही लाईन. आमच्या पुढ्यातून मालगाडी गेली, किती तरी वेळ जात राहिली. २०२० च्या नोव्हेंबरात याच फाटकाशी हजारो लोक रात्रभर मेणबत्त्या घेऊन बसले होते, दुपदरीकरण आणि कोळसा वाहतूक नको म्हणून. रुळांलगतच्या जुन्या घरांना हादऱ्यानं तडे जातात अशी गावकऱ्यांची तक्रार आहे. गाडी जात असताना मी फाटकाजवळच्या एका घराच्या भिंतीवर तळवा ठेवला. चिऱ्याची भिंत, वर चुना. थरथर सरळ कोपरापर्यंत आली. ही घरं कोळशासाठी पाडायची नाहीत, एवढं म्हणणाऱ्या त्या गर्दीच्या बाजूनं मी आहे, आणि ते इथे स्पष्ट लिहून ठेवते.

तिथून पारोड्याचा पर्वत. वर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ. चंद्रपूर हे नाव याच देवावरून. पायऱ्या चढताना दादाचा दम लागला, मी त्याची पिशवी घेतली, त्यानं ती दिली. वरून सगळी सासष्टी दिसते : शेतं, चर्चचे पांढरे मनोरे, लांबवर समुद्राची रेघ. वारा इतका सुटला होता की बोलणं शक्यच नव्हतं. अर्धा तास नुसते बसलो.

केप्याला दुपारी पोचलो. कुशावतीच्या काठावर पालासियु द देआंव, म्हणजे डीनचा वाडा. जुझे पावलु द आल्मैद या धर्मगुरूनं तो १७८७ साली बांधला, आणि केपे गावही त्याच्याभोवती वाढलं. मोडकळीला आलेला हा वाडा एका जोडप्यानं जुने कागद शोधून, जुन्या रीतीनं पुन्हा उभा केला आणि आता ते तिथेच राहतात. बाग छान आहे, जेवणही आधी सांगितलं तर मिळतं. पण मला तो फार नीटनेटका वाटला. चांदरच्या छताचे पोपडे डोळ्यांपुढून जात नव्हते.

दिवस चौथा

परतीची गाडी संध्याकाळची. सकाळी लोटलीला जायचं होतं, व्यंगचित्रकार मारियो मिरांडांचं घर निदान बाहेरून बघायला आणि १७५७ साली बांधलेलं आरावजु आल्वारिश घर आतून बघायला. पण वहिनीचे पाय दुखत होते. म्हणून बाणावलीतच 'गोवा चित्र' या संग्रहालयात गेलो, आणि तसं झालं ते फार चांगलं झालं.

चांदरला भाटकाराचं घर बघितलं होतं. इथे मुंडकाराच्या हातातलं सगळं आहे. नांगर, गुठे, माडावर चढायचा दोर, घाणा, उसाचा मोठा चरक, आडोळ्या, कणग्या, मापं. एका कलावंतानं मोडक्या घरांतून आणि टाकून दिलेल्या अडगळीतून एकेक गोष्ट उचलून आणून हे उभं केलं आहे. दादा एका आडोळीपाशी खाली बसला. पाटावर लोखंडी पातं, टोकाला खोबरं खवायचे दाते. पाटाच्या मध्यभागी बसून बसून खळगा पडला होता, गुळगुळीत. "आईची अशीच होती," तो म्हणाला. आई म्हणजे माझी थोरली काकू. मला ती आडोळी आठवत होती. तिच्यावर बसून काकू सोलकढीसाठी नारळ खवायची आणि आम्हा पोरांना चिमूटभर खोबरं द्यायची, सगळ्यांना सारखं, एकाला जास्त नाही.

"ती कुठे आहे आता?" मी विचारलं.

"माळ्यावर असेल. नाही तर गेली असेल समयांबरोबर."

बाहेर फणसाच्या सावलीत बसलो. दादानं खिशातून फोन काढला, चष्मा पुसला, नंबर शोधला. शेजारच्या घरातल्या काकांना फोन लावला, म्हणजे ज्यांच्याकडे किल्ली असते त्यांना. दोन वर्षांत त्यानं हा फोन केला नव्हता, हे मला काकांच्या आवाजावरून कळलं, तो एवढा मोठा होता की मला इकडे ऐकू येत होता. तब्येत, पाऊस, कुणाचं लग्न, सगळं झालं. मग दादा म्हणाला, "काका, एक काम होतं. माळ्यावर एखाद्या पोराला चढवा. आमच्या अंगाकडची किती कौलं फुटलीत ती मोजायला सांगा. मंगळुरी वेगळी मोजा, नळीची वेगळी. रिपा कुजल्यात का तेही बघायला सांगा." जरा थांबला, माझ्याकडे न बघताच पुढे बोलला, "आणि हिच्या अंगाकडचीही मोजा. हो, सगळीच. आढ्यापासून."

काका काहीतरी बोलत होते. दादा ऐकत होता, मान हलवत होता.

"नाही नाही, एप्रिलपर्यंत नको," तो म्हणाला. "होळीच्या आधी आम्ही येतो. तिघं."

वहिनीनं पिशवीतून पेन काढून माझ्या हातात दिलं. संग्रहालयाच्या तिकिटाच्या मागे मी लिहायला घेतलं : मंगळुरी, नळीची, रिपा, वासे. आणि त्याखाली : आडोळी, माळ्यावर बघणे.